हळदी कारची अक्का

लग्नासाठी केलेलं सोनं मोडून गाडी घेणारी बाई हुबळीत एकच झाली. ती म्हणजे दुर्गदबैल बाजारातल्या मिरजकर भांडीवाल्यांची कुसुम.

मिरजकरांचं दुकान जुनं. कुसुमचे आजोबा मिरजेहून तांब्यापितळेची भांडी घेऊन इकडं आले आणि इथलेच झाले. वडील विठ्ठलराव यांच्या काळात पितळ मागं पडून स्टील आलं, तशी दुकानानं माल वाहायला एक मॅटाडोर घेतली. आई लवकर गेली होती. धाकटा प्रसाद शिकत होता. ड्रायव्हर टिकत नव्हते, म्हणून कॉलेजातल्या कुसुमनं मॅटाडोरचं चाक हातात घेतलं आणि मग ते सोडलंच नाही. बेळगावहून माल आणायचा, कलघटगीच्या बाजाराला घागरी-परातींचे गठ्ठे पोचवायचे, सगळं तीच करायची. घाटात गिअर कधी पाडायचा हे तिला स्वयंपाकातल्या मिठापेक्षा नेमकं कळायचं.

तिचं लग्न इचलकरंजीला ठरलं होतं. पत्रिका वाटून झाल्या, बस्ता बांधून झाला आणि मुलाकडून निरोप आला की मुलाचं मन दुसरीकडं आहे. कुसुम रडली नाही. दुसऱ्या दिवशी मॅटाडोर काढून कलघटगीला गेली, माल उतरवून घेतला आणि परत आली. पुढं आणखी स्थळं आली, काही तिनं नाकारली, काहींनी तिला. मग येईनाशी झाली. सोनं लॉकरमध्ये पडून राहिलं.

एकदा गोव्यातल्या एका देवळात महाप्रसादाची मोठी पातेली पोचवायला बापलेक गेले होते. परतताना फोंड्याच्या अलीकडं एका छोट्या कारखान्याच्या दारात ती गाडी उभी होती. दोनच आसनं, टप उघडा, बुटकी, लिंबाच्या सालीसारखी पिवळी. मालवाहू गाड्याच चालवलेल्या कुसुमनं ब्रेक दाबला, तो मागची रिकामी टोपली आपटेपर्यंत.

विठ्ठलरावांनी गाडीभोवती एक फेरी मारली.

"यात माणसं किती बसतात?"

"दोन."

"आणि सामान?"

"सामान नाही बसत, अप्पा."

"मग उपयोग काय हिचा?"

कुसुमनं मॅटाडोर सुरू केली. अनमोड घाट चढून वर आल्यावर ती म्हणाली, "अप्पा, लॉकरमधलं सोनं माझंच ना?"

"तुझंच की."

"मग मी ते मोडते."

विठ्ठलरावांनी अळणावर गावात गाडी थांबवायला लावली. तिथं चहा पिताना बशीत बघत म्हणाले, "आईच्या पाटल्या तेवढ्या ठेव."

गाडी आली आणि बाजारात महिनाभर दुसरा विषय नव्हता. विठ्ठलरावांना लोक तोंडावर विचारायचे, पोरीचं डोकं ठिकाणावर आहे ना? ते म्हणायचे, "ठिकाणावर आहे म्हणूनच तर घेतली." गल्लीतली पोरं गाडीमागं धावायची आणि ओरडायची, "हळदी कारिन अक्का बंद्रु नोडो!" पिवळ्या गाडीची अक्का आली बघ! ते नाव तिला चिकटलं ते कायमचं.

रविवारी सकाळी बापलेक धारवाडला जायचे. विठ्ठलराव कानटोपी घालून, मांडीवर छत्री आडवी धरून बसत. "वारा कानात शिरतोय, हळू जरा," असं म्हणत, आणि तिनं वेग कमी केला की लगेच, "का गं, थांबलीस?" सप्तापुरात शेषगिरी नावाच्या मेस्त्रीचं गॅरेज होतं. तो गाडीचं पोट तपासेपर्यंत दोघं शेजारच्या टपरीवर चुरमुऱ्यांचं गिरमिट आणि मिरची भजी खात. मग परत. एवढंच. पण त्या एवढ्यावर कुसुमचा आठवडा निघायचा.

विठ्ठलराव गेले, तेव्हा प्रसाद पुण्याहून आला. तेराव्यानंतर त्यानं दुकान आणि वरचं घर विकायचं काढलं. त्यात वावगं काही नव्हतं. भांडीवाल्यांची रया जाऊन जमाना झाला होता. सगळं ठरल्यावर तो म्हणाला, "ताई, तू पुण्यालाच ये. एकटी इथं काय करणार?"

"गाडीचं काय करू?"

प्रसाद जरा घुटमळला. "आमच्या सोसायटीत फ्लॅटमागं एकच पार्किंग आहे गं. तिथं माझी असते. आणि आता या वयात ती गाडी... विकून टाक ना."

तो मनानं वाईट नव्हता. त्याला खरोखरच वाटत होतं की आपण बहिणीची सोय बघतोय. पण कुसुमनं त्याच क्षणी ठरवलं की आपण इथंच राहायचं. तिच्या वाट्याला आलेल्या पैशातून तिनं विद्यानगरात दुसऱ्या मजल्यावर एक फ्लॅट घेतला आणि कोप्पीकर रोडवर एका जिन्याखाली बायकांना गाडी शिकवायचा क्लास काढला. त्यासाठी वेगळी साधी गाडी घेतली. क्लास चांगला चालला. बायका घाबरत यायच्या, महिनाभर तिच्या शेजारी बसून सासूच्या, नवऱ्याच्या, पोरांच्या गोष्टी सांगायच्या, आणि हात बसला की निघून जायच्या. पुढं कधी सिग्नलला दिसल्याच, तर हॉर्न वाजवून हात हलवायच्या. शिकवणारीला कोण घरी बोलावतं?

मोठ्या शहरात असली गाडी सांभाळायची म्हणजे तान्हं पोर सांभाळण्यासारखं. तळघरातल्या पार्किंगमध्ये उंदीर वायरी कुरतडायचे. बुटकी गाडी आरशात न दिसल्यामुळं कुणीतरी मागं घेताना ठोकायचं. टपाचं कापड फाटलं तेव्हा तंबूवाल्याकडून शिवून घ्यावं लागलं. गोव्यातला तो कारखाना कधीच बंद झाला होता. शेषगिरी कुठल्या कुठल्या गाड्यांचे भाग घासूनपुसून हिच्यात बसवायचा. "अक्का, आता ही निम्मी कारखान्याची आणि निम्मी माझी," असं म्हणायचा. अपार्टमेंटच्या असोसिएशननं एकदा फलक लावला की वापरात नसलेली वाहनं हलवावीत. नाव कुणाचंच नव्हतं. कुसुम मग रोज संध्याकाळी खाली जाऊन गाडी सुरू करून ठेवायची, सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

त्यावरूनच समोरच्या दारातल्या हेमावतीबाईंशी तिचं वाजलं होतं. हेमावतीबाई रेल्वेच्या ऑफिसात नोकरीला, नवरा वारलेला, एकच मुलगी वेदश्री. वेदश्रीच्या बारावीच्या परीक्षेच्या दिवसांत त्या खाली येऊन म्हणाल्या होत्या, "आमच्या घरात अभ्यास करणारं लेकरू आहे. तुम्हाला त्यातलं काय कळायचं म्हणा." हे शेवटचं वाक्य त्यांच्या तोंडून निसटलं असावं. पण ते पडलं ते पडलंच. तिथून पुढं कितीतरी वर्षं समोरासमोरची दोन दारं एकमेकींची चाहूल घेऊन उघडायची, दुसरीची पावलं जिना उतरेपर्यंत थांबून.

म्हणून वेदश्रीचं लग्न ठरल्यावर हेमावतीबाई लग्नाची पत्रिका घेऊन दारात उभ्या राहिल्या, तेव्हा कुसुमला क्षणभर आत या म्हणायचंही सुचलं नाही.

"कुसुमक्का, राग धरू नका," त्या बसता बसताच म्हणाल्या. "पोरीची एक हौस आहे. लहानपणापासून म्हणायची, मी लग्नाला हळदी कारमधून जाणार. तुम्हाला विचारायला माझं तोंड नाही. पण तिचं मन मोडवंना."

कुसुमनं विचार करायला वेळ मागितला नाही. "नेते की मी तिला. सकाळी किती वाजता निघायचं?"

लग्नाच्या आदल्या दिवशी तिनं गाडी स्वतः धुतली. लग्नाला नेसायला इरकली साडी काढली आणि आईच्या पाटल्या घातल्या. वेदश्री नटून शेजारी बसली. टप उघडा, आणि रस्त्याच्या मधल्या पट्ट्यातून धावणाऱ्या चिगरी नावाच्या शहरबसांमधली माणसं खिडक्यांना नाकं लावून बघतायत. उणकलच्या तळ्याशी आल्यावर वेदश्री म्हणाली, "आंटी, तुम्ही रोज सुरू करायचा ना गाडी, त्या आवाजावर मी पुस्तक मिटायचे. वाटायचं, झाला आजचा अभ्यास."

"आणि तुझी आई चिडायची."

"आई चिडायची ती पुस्तक मिटलं म्हणून." दोघी हसल्या. कुसुमला वाटलं, रस्ता आणखी थोडा लांब असता तर बरं झालं असतं.

कार्यालयाच्या दारात गर्दी झाली. पोरं गाडीला टेकून फोटो काढून घेऊ लागली. फोटोवाला म्हणाला, "मॅडम, तुम्ही जरा उतरता का? फ्रेममध्ये नवरीच हवी." कुसुम उतरली. दिवसभर मग ती कार्यालयात होती. अक्षता टाकल्या, पंगतीत जेवली. शेजारच्या बाईनं विचारलं, "तुम्ही मुलीकडच्या का?" कुसुम म्हणाली, "शेजारी." बाईनं मान डोलावली आणि पलीकडच्या बाईशी बोलू लागली.

पाठवणीच्या वेळी हेमावतीबाई तिला शोधत आल्या. रडून डोळे सुजलेले. हात धरून बाजूला घेऊन गेल्या.

"कुसुमक्का, माझ्याकडून एक चूक झाली बघा. श्रीहर्षना मी शब्द देऊन बसले. दोघांनीच तुमच्या गाडीतून हॉटेलवर जायचं म्हणतायत, तेच चालवणार. सकाळी तुम्हाला विचारायचं राहूनच गेलं. आता चारचौघांत जावयाला नाही कसं म्हणू?"

आजवर शेषगिरी सोडला तर त्या चाकावर दुसऱ्या कुणाचा हात पडला नव्हता. कुसुमनं गर्दीकडं पाहिलं. नवरदेव श्रीहर्ष गाडीच्या दाराला हात लावून उभा होता. बंगळूरचा, हसरा, देखणा मुलगा. त्याच्या मित्रांनी गाडीला माळा बांधल्या होत्या आणि एकजण बॉनेटवर फवाऱ्यानं काहीतरी लिहीत होता.

तिनं कमरेची किल्ली काढून हेमावतीबाईंच्या हातावर ठेवली. "क्लचला हलकं दाबायला सांगा. तिसरा गिअर जरा अडतो. ओढू नये."

"सांगते, सांगते," असं म्हणत त्या गेल्या. सांगितलं की नाही कोण जाणे.

गाडी निघाली. सगळ्यांनी हात हलवले, तसा कुसुमनंही हलवला. आणि तिच्या ध्यानात आलं की आपली गाडी दुरून जाताना कशी दिसते हे आपण कधी पाहिलेलंच नाही. आपण सतत तिच्या आत होतो. बाहेरून ती किती लहान दिसत होती. आवाजही वेगळाच, पातळसा, कुणा परक्याच्या गाडीसारखा. तिसरा गिअर पडताना करकर झाली. ती कुसुमला दातांत जाणवली. मग वळणावर पिवळा ठिपका गेला, आणि लोक वळून आवराआवरीला लागले.

तिला कुणी विचारलं नाही की तुम्ही आता घरी कशा जाणार. विचारलं असतं तरी ती म्हणाली असती, जाते की. ती थांब्यावर येऊन चिगरी बसमध्ये बसली. इरकली साडी, डोक्यात गजरा, हातात नारळ आणि ब्लाउजपीसची पिशवी. कंडक्टर म्हणाला, "लग्नाहून का अक्का?" तिनं मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती हॉटेलवर गेली. जोडपं पहाटेच्या गाडीनं बंगळूरला निघून गेलं होतं. किल्ली काउंटरवर ठेवलेली होती. गाडी आवाराच्या कोपऱ्यात उन्हात उभी, माळा सुकलेल्या, टप रात्रभर उघडाच राहिल्यानं आसनांवर पानं पडलेली. बॉनेटवर लाल अक्षरांत दोघांची नावं होती आणि मध्ये बदाम. सुरू केली तेव्हा क्लच जळल्याचा वास आला. कुसुम चिडली असती तर बरं झालं असतं. पण तिला राग आलाच नाही. छातीत एक पोकळी तेवढी होती, घरातलं एखादं जड सामान हलवल्यावर तिथली फरशी जशी दिसते तशी. माळा काढून तिनं झाडाखाली ठेवल्या आणि गाडी हळूहळू घरी आणली.

तळघरात ती रॉकेलच्या बोळ्यानं ती अक्षरं घासत होती, तेव्हा मागं पावलं वाजली. हेमावतीबाई होत्या, हातात बादली आणि जुना टॉवेल. त्यांनी बॉनेटवर आपल्या लेकीचं नाव पाहिलं, टॉवेल भिजवला आणि दुसऱ्या बाजूनं घासायला लागल्या. बराच वेळ दोघी घासत राहिल्या. लाल रंग निघाला, पण त्याखालचा पिवळाही थोडा सोलवटला, आणि 'वेदश्री'तला वे काही केल्या पुरता जाईना. तिथं येऊन हेमावतीबाईंचा हात थांबला.

"सकाळी दोन कप चहा टाकला मी," त्या म्हणाल्या. "सवयीनं. मग दुसरा ओतून दिला." आणि पदर तोंडाला लावून उभ्या उभ्या रडायला लागल्या.

कुसुमला कुणाला जवळ घ्यायची सवय नव्हती. ती जराशी घुटमळली. मग दार उघडून म्हणाली, "बसा. चक्कर मारून येऊ."

"अय्यो, मी? या साडीवर?"

"बसा हो."

त्या कलघटगीच्या रस्त्याला लागल्या. हेमावतीबाईंनी पहिला अर्धा रस्ता डोळे मिटून दाराची मूठ धरून काढला. वाऱ्यानं केस सुटले, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, त्यातलं वाऱ्याचं किती आणि रडण्याचं किती ते कळत नव्हतं. बाजारपेठेत दोघींनी चहा घेतला. तिथं हेमावतीबाई अचानक म्हणाल्या, "त्या दिवशी मी तुम्हाला जे बोलले ना, तुम्हाला काय कळायचं म्हणून, ते मला पुष्कळदा आठवतं."

"मलाही," कुसुम म्हणाली. त्या दोघींत त्याच्यावर पुन्हा कधी बोलणं झालं नाही, आणि व्हायची गरजही उरली नाही.

ते एक वर्ष चांगलं गेलं. रविवारी हेमावतीबाई डोक्याला रुमाल बांधून, डब्यात काहीबाही घेऊन खाली हजर असायच्या. त्यांना वेग आवडायचा नाही, ऊन सोसायचं नाही, आणि तासाभरात पाठ दुखायची. तरी यायच्या. शेषगिरीनं क्लच नवा घातला. बॉनेटवरचा डाग बघून म्हणाला, "हा पिवळा रंग आता मिळायचा नाही, अक्का. मारायचा तर सगळी गाडीच रंगवायला पाहिजे." कुसुम राहू दे म्हणाली. तिरप्या उन्हातच तो डाग दिसायचा. एरवी नाही.

मग वेदश्रीला दिवस गेले, आणि हेमावतीबाईंनी नोकरीची उरलेली दोन वर्षं सोडून बंगळूर गाठायचं ठरवलं. निघताना त्या जिन्यात पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "चार-सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे." कुसुम सामान खाली नेऊ लागली. स्टेशनवर सोडायला ती आपल्या क्लासची गाडी घेऊन गेली, कारण पिवळ्या गाडीत बॅगा बसल्या नसत्या.

नात झाली. चार-सहा महिन्यांचं वर्ष झालं. समोरचा फ्लॅट एका बँकेतल्या जोडप्याला भाड्यानं दिला. ते सज्जन आहेत, दिसले की नमस्ते म्हणतात. हेमावतीबाईंचा फोन आधी दर रविवारी यायचा, मग महिन्यातून एखादा. तक्रार करण्यासारखं त्यात काही नाही. लहान लेकरू घरात असलं की बाईला दिवसाचा हिशेब राहत नाही, हे कुसुम आता कुणी न सांगता समजून होती.

मागच्या मार्गशीर्षातल्या एका रविवारी ती नेहमीप्रमाणं कलघटगीपर्यंत गेली, आणि का कोण जाणे, तिथून परत फिरली नाही. तशीच पुढं निघाली. देवीकोप्पचं जंगल लागलं. सागाची मोठी पानं रस्त्यावर पडलेली, आणि झाडांमधला गारवा टप उघडा असल्यानं सरळ अंगावर येत होता. गाडी झकास चालली होती. यल्लापूरला तिनं एका खानावळीत गरम भात-सार खाल्लं, मालकिणीनं विचारलं तेव्हा आपण हुबळीच्या असं सांगितलं, आणि लगेच परतीला लागली. जंगल ओलांडल्यावर फोन वाजला. तिनं गाडी कडेला घेतली.

"कुसुमक्का! आज कुठं?"

"यल्लापूरपर्यंत जाऊन आले."

"एवढ्या लांब? एकट्याच?"

"होय की."

"थंडी वाजली असेल बघा. रुमाल बांधला होता का?"

"विसरले." कुसुम हसली. "हेमावतीबाई, सागाला काय पानं..." इतक्यात पलीकडं पोर रडू लागलं, कुणीतरी 'आई' म्हणून हाक मारली, आणि हेमावतीबाई घाईघाईनं म्हणाल्या, "थांबा हं, लावते परत."

कुसुम थांबली. इंजिन बंद केलं. शेतात भात कापून झालेला, दूर कुणीतरी बैल हाकत होतं. फोन मांडीवर ठेवून ती बराच वेळ बसून राहिली. फोन आला नाही. ऊन कलायला लागलं तसं गार होऊ लागलं. तिनं उतरून टप वर ओढला, दोन्ही बाजूंच्या कड्या अडकवल्या, आणि उजेड आहे तोवर हुबळी गाठायची म्हणून गाडी सुरू केली.